साताऱ्यात तीन गुंठ्यांवर घर बांधायचंय, पर्यावरणपूरक म्हणजे नेमकं आधी काय करायचं?

अजिंक्यतारा_पायथा
नमस्कार मंडळी. कोडोलीच्या बाजूला तीन गुंठे जागा आहे. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला सध्या मोकळं रान. खाली-वर मिळून पंधराशे चौरस फूट बांधायचंय. राहणार आई-वडील, आम्ही दोघं आणि मुलगी. दिवाळीनंतर पाया काढायचा विचार आहे.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. आर्किटेक्ट म्हणतात एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) घ्या, डबल काच लावा, ग्रीन रेटिंगसुद्धा घेता येईल. एक मित्र मातीचंच घर बांध म्हणून मागे लागलाय. वडिलांचं म्हणणं आरसीसी फ्रेम, भाजीव वीट, वर स्लॅब, विषय संपला. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते लहान होते, पाटणला होते, त्यामुळे माती-दगड हे शब्द काढले तरी उठून जातात.

मला मनापासून असं घर हवंय की मे महिन्यात एसीशिवाय झोप लागेल, टँकर मागवावा लागणार नाही आणि सिमेंट जेवढं कमी करता येईल तेवढं कमी लागेल. बजेट मात्र चारचौघांच्या घराइतकंच. सातारा-सांगलीकडे ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, हातातला पैसा आधी कुठं घालायचा?

कऱ्हाडकर
चांगला विषय. वाचतोय. आमचंही पुढच्या वर्षी आहे.

मिरजेचा_अभियंता
मटेरियलवरून सुरुवात करू नका, सूर्यावरून करा. बहुतेक लोक इथंच चुकीच्या टोकाने सुरुवात करतात आणि मग ब्लॉक की वीट यावर सहा महिने भांडतात.

सातारा साधारण १७.७ अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा छतावर, आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला ऊन तिरकं येतं, तिथं छज्जा कितीही लांब काढा, खालून आत घुसतंच.

तेव्हा पैसा आधी छतावर आणि पश्चिम बाजूवर. जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला सरकवा, झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या. याला एक रुपया जादा लागत नाही, फक्त कागदावर रेघा इकडच्या तिकडे करायच्या आहेत. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर) करा, तेवढे पैसे नसतील तर दर मार्चमध्ये पांढरा चुना मारा. आमच्या गच्चीवर अर्ध्या भागात चुना मारलेला आहे आणि अर्धा तसाच कोबा. एप्रिलात दुपारी दोन वाजता कोब्यावर अनवाणी उभं राहवत नाही आणि चुन्यावर माझी मुलं क्रिकेट खेळतात.

डबल काच विसरा. ती चोवीस तास एसी चालणाऱ्या ऑफिसात ठीक आहे. तुम्हाला रात्री खिडक्या उघड्याच टाकायच्यात.

वाईकरीण
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. आमचा वाईतला वाडा दीडशे वर्षांचा तरी असेल. खालच्या भिंती अडीच-तीन फुटी दगडाच्या, वर वीट. मे महिन्यात माजघरात दुपारी चादर घ्यावीशी वाटते. पण खरं सांगू का, त्या गारव्यात भिंतीइतकाच वाटा चौकाचा आहे. चौकातली गरम हवा वर जाते आणि सोप्याच्या दारातून गार हवा आत ओढली जाते. माझ्या दिराने चौकावर पत्रा टाकला, पाऊस येतो म्हणून, आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही पहिला कूलर घेतला.

आणि वाडा म्हणजे सगळं छानच असंही कुणी समजू नका. मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागतो, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, सासूबाईंचे सांधे त्या ओलीने धरले. जुन्यातलं घ्यायचं ते निवडून घ्यायचं.

माणदेशी
आमच्या भागात माळवदं. तुळया, त्यावर किलचाण म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर चांगली फूटभर पांढरी माती. वर काय बी होऊ दे, आत गार. आता सगळी माळवदं उतरवून स्लॅब झाले आणि रात्री माणसं अंगणात झोपायला लागली.

पाण्याचं मी सांगतो कारण ते आम्हाला कळतं. ८०० चौरस फूट छत म्हणजे ७४ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की ७४ लिटर. आमच्याकडं वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतात, त्यातलं वीस टक्के वाया गेलं धरा तरी ३० हजार लिटर होतंय. साताऱ्यात आमच्या दुप्पट तरी पडतो. एवढं पाणी गटारात सोडायचं आणि एप्रिलात टँकरला फोन लावायचा ह्याला काय अर्थ आहे दादा?

पण शोषखड्डा काढून फोटो टाकणारे लय झालेत. आपल्याकडं खाली काळा पाषाण. खड्ड्याच्या तळाला अखंड खडक लागला तर पाणी तिथंच साचून बसतंय, मुरत नाही. आधी खड्डा काढून त्यात पाणी ओतून बघा, रात्रीत उतरतंय का. नसेल उतरत तर जिन्याखाली टाकी बांधा आणि जादा पाणी गाळून बोअरला सोडा. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायची सोय पाहिजेच, छतावरची सगळी घाण त्यातच येती.

पाटणकर
धागाकर्त्याच्या वडिलांच्या बाजूने बोलायला आलोय. आमच्या घरात त्या पहाटेची गोष्ट अजून सांगतात. ११ डिसेंबर १९६७, लोक साखरझोपेत. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा धक्का. कोयनानगर भागात दगड-मातीची घरं बसली. पुढं १९९३ ला किल्लारीला तेच, जवळपास दहा हजार माणसं गेली.

पण माणसं कशाने गेली ते नीट बघितलं पाहिजे. त्या भिंती दोन पदरी असायच्या, आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि बारीक दगड कोंबलेले. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगडच नसायचा, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नसायचे. वर माळवदाच्या मातीचं ओझं (माणदेशीबापू, राग मानू नका). धक्का बसला की दोन पदर फाकले आणि ते ओझं अंगावर. तीच भिंत जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा घालून, कोपऱ्यात उभी सळई देऊन बांधली तर ती वेगळी वागते. हे काय माझ्या मनचं नाही, भारतीय मानकांत मातीच्या आणि कच्च्या बांधकामासाठी वेगळे कोड आहेत.

तर वडिलांना सांगा की प्रश्न माती की सिमेंट हा नाहीये, भिंत बांधलेली आहे की नुसती रचलेली आहे हा आहे. आणि तरीही त्यांना रात्री भीती वाटत असेल तर सरळ आरसीसी फ्रेम घ्या. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला शांत झोप नाही ते घर काय कामाचं.

माणदेशी
राग कसला. ओझ्याचं खरं हाय तुमचं. दर वर्षी वर नवी माती टाकत टाकत थर वाढत जायचा, जुना कोण काढत नव्हतं.

कृष्णाकाठ
सांगलीहून लिहितोय. आमच्याकडे या विषयाला पुराशिवाय हातच लावता येत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ पाहिलेलं होतं, त्या खुणेवर विसंबून लोकांनी सामान वर ठेवलं आणि पाणी त्या खुणेच्याही वर आलं. २०२१ ला परत.

पाणी ओसरल्यावर गल्लीत काय पडलं होतं ते मी कधी विसरणार नाही. प्लायवूडची कपाटं फुगून पुस्तकासारखी पानं पानं सुटलेली, पीओपीचं सीलिंग खाली आलेलं, मॉड्युलर किचन आख्खंच्या आख्खं ट्रॉलीत. घरटी एक-दोन ट्रॉल्या कचरा. आणि आमच्या आजीच्या खोलीतले कडाप्प्याचे कप्पे, शहाबादी फरशी आणि सागवानी दार पाण्याने धुतलं, चिखल काढला, पुन्हा वापरात. जुन्या चुन्याच्या गिलाव्याची भिंत तीन-चार महिन्यांत वाळली, शेजारची सिमेंटवर पुट्टी मारलेली भिंत पुढच्या वर्षीपर्यंत पोपडे टाकत होती.

माझं स्पष्ट मत आहे, दर पुरानंतर निम्मं घर कचऱ्यात जात असेल तर त्याच्या छतावर कितीही सोलर लावा, ते पर्यावरणपूरक नाही. आमच्यासाठी पहिला नियम जोतं उंच, दुसरा नियम विजेचे बोर्ड छातीच्या वर, तिसरा म्हणजे खालच्या मजल्यावर फुगणारं काहीही नको, आणि ड्रेनेजला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. कोडोलीत पूर नाही, पण तुमच्या प्लॉटचं पावसाळ्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे एकदा मुसळधार पावसात स्वतः छत्री घेऊन उभं राहून बघा.

हरिपूरची_हळद
कृष्णाकाठ यांच्या पोस्टवरून आठवलं. थोडं अवांतर आहे पण सांगतेच. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड लहान, आत पोटात मोठं. आतून शेणाने सारवून, पालापाचोळा लावून हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद टिकायची, ना कीड ना बुरशी. वीज शून्य. जमिनीखाली थोडं खोल गेलं की उन्हाळा-हिवाळा फारसा कळतच नाही, त्याच्यावर हे सगळं चालायचं. २००५ च्या पुरात बहुतेक पेवांत पाणी गेलं आणि आता कोल्ड स्टोरेजची बिलं भरतात लोक. माझ्या सासऱ्यांनी एक पेव अजून बुजवू दिलेलं नाही.

वाईकरीण
हरिपूरची_हळद ताई, काय सुंदर लिहिलंत. तसंच बघायचं असेल तर साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर. विहिरीच्या पोटात महाल आहे. एप्रिलात भर दुपारी वर मोट चालायची तिथं हात ठेवला तर दगड चटका देतो आणि पायऱ्या उतरून आत गेलं की घाम वाळतो. धागाकर्त्यांनी आर्किटेक्टना घेऊन एक चक्कर मारावी, अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

बापू_मिस्त्री
मी बांधकामं घेतो, कोरेगाव-रहिमतपूर साईडला. चार गोष्टी सांगतो.

एएसी ब्लॉक वाईट नाही. हलका आहे, विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन, त्यामुळे भूकंपातही भार कमी आणि फ्रेमला सळई जरा वाचते. पण त्याला त्याचंच चिकट मॉर्टर लागतं, कॉलमच्या जोडाला जाळी लागते, आणि प्लॅस्टरच्या आधी पाणी किती मारायचं हे गवंड्याला माहीत पाहिजे. ते न करता नेहमीचा सिमेंट-वाळूचा माल लावला की जोडाजोडाला केसासारख्या भेगा. मग लोक ब्लॉकला शिव्या देतात.

मातीच्या दाबलेल्या विटा, पाच ते आठ टक्के सिमेंट टाकून मशिनवर करतात त्या. चांगल्या होतात, पण माती बघून. तुमच्या प्लॉटवर काळी माती असेल तर नाद सोडा, ती भिजली की फुगते, वाळली की तडकते. तांबडी किंवा मुरमाड माती पाहिजे. ती दुसरीकडून डंपरने आणायची म्हटलं तर मग राहिलं काय त्यात.

रॅट ट्रॅप बाँड करा. लॉरी बेकर यांनी केरळात हा बाँड घरोघरी नेला. वीट आडवी न ठेवता उभ्या कडेवर ठेवायची, मधे पोकळी राहते. विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता कमी येते. वीट मात्र सारख्या मापाची पाहिजे, आणि पहिले दोन दिवस गवंडी कुरकुरतो. बाहेरून प्लॅस्टर न करता विटांमधल्या दरजा (सांधे) भरून ठेवल्या तर भिंत देखणी दिसते.

अजिंक्यतारा_पायथा
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाटणकर, तुमची पोस्ट वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला आरपार दगड माहिती आहे म्हणजे माणूस जाणता आहे." फ्रेम घ्यायची हे ठरलं.

बापू, रॅट ट्रॅपमध्ये वायरिंग कसं करतात? आणि रेटिंगबद्दल कुणाला अनुभव?

शाश्वत_शहर
रेटिंगवर थोडं. मी याच क्षेत्रात काम करते. आपल्याकडे ग्रीन रेटिंग देणाऱ्या मुख्य दोन पद्धती, आयजीबीसी आणि गृह (GRIHA). आयजीबीसी सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने २००१ मध्ये सुरू केलं, गृह टेरी या संशोधन संस्थेचं. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीत रेटिंगनुसार ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर बांधायला मिळणारं क्षेत्र) मिळतो, म्हणून बिल्डर मागे लागतात. रेटिंगला सरसकट नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. त्यामुळे निदान पाण्याचा, विजेचा, मटेरियलचा हिशोब कागदावर येतो, नाहीतर नुसत्या हिरव्या रंगाच्या भिंतीला ग्रीन म्हणणारे आहेतच.

कऱ्हाडकर
इथं असहमत. पुण्याजवळच्या एका रेटिंगवाल्या सोसायटीत भावाचा फ्लॅट आहे. सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट उद्घाटनाला चालला, नंतर बंद, सोलरच्या नळ्या फुटलेल्या. सर्टिफिकेट लिफ्टशेजारी अजून झकास फ्रेममध्ये आहे. कागद मिळाल्यावर परत येऊन बघतं कोण?

शाश्वत_शहर
तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो लागतोही. नकाशावरचं घर आणि वापरातलं घर यात अंतर पडतं. म्हणूनच या धाग्याच्या घराला मी रेटिंग घ्या म्हणणार नाही, त्या फीमध्ये पश्चिमेची जाळी आणि टाकी दोन्ही होईल. फक्त २०१८ ची इको निवास संहिता (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्र सरकारची नियमावली) आर्किटेक्टना डोळ्याखालून घालायला सांगा. भिंत, काच, छत यांतून घरात किती उष्णता येते ते मोजायची सोपी पद्धत त्यात आहे.

बापू_मिस्त्री
वायरिंगचं: पाईपच्या जागा आधी ठरवायच्या आणि पोकळीतून वर घ्यायच्या. नंतर भिंत फोडायची नाही, नाहीतर सगळा बाँड बिघडतो. ज्यांचा बोर्ड कुठं पाहिजे हे गृहप्रवेशापर्यंत ठरत नाही त्यांनी रॅट ट्रॅप करू नये 😄

जतचा_वारा
सोलर कुणी बोललंच नाही! पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. ३ किलोवॅट म्हणजे चांगल्या उन्हाच्या दिवशी १२ युनिट, जागा साधारण ३०० चौरस फूट. वर पॅनल बसले की त्याखालच्या स्लॅबला आपोआप सावली. पंखे बीएलडीसी घ्या, जुना ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास.

मिरजेचा_अभियंता
पॅनलची सावली हा मुद्दा महत्त्वाचा. स्टँड थोडा उंच घ्या, खालून वारा जाऊ दे, पॅनल गार राहिलं तर वीजही जास्त देतं. फक्त स्टँडचे पाय स्लॅब भरतानाच धरा, नंतर ड्रिल मारलं की गळती.

आता सिमेंटबद्दल, कारण मूळ प्रश्नात ते होतं आणि सगळे विसरलो. जगातल्या कार्बन डायऑक्साईडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते हे एक, पण त्याहून जास्त वायू चुनखडी फुटतानाच बाहेर पडतो. म्हणजे भट्टी उद्या सोलरवर चालवली तरी तो भाग राहणारच. त्यामुळे सिमेंट वापरायचं तर पीपीसी किंवा स्लॅगवालं वापरा, त्यात कोळशाची राख किंवा स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेली असते. त्याला ताकद यायला वेळ लागतो, पाणी जास्त दिवस मारा.

स्लॅब फिलर करा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ते काम सळईचं. मग सळयांच्या चौकटीत मधे जुनी मंगलोरी कौलं ठेवायची आणि वरून काँक्रीट. तेवढं काँक्रीट वाचतं आणि खालून कौलांची नक्षी दिसते, पीओपी लागत नाही. डिझाईन मात्र स्ट्रक्चरलवाल्याकडूनच.

कोरेगाव_एक्सप्रेस
मंगलोरी कौलं म्हटल्यावर, छतावर कौलं घालायचा विचार कुणी करत असेल तर आमच्याकडची माकडं वाट बघतायत.

पाटणकर
अभियंता साहेब, एक शंका. पश्चिमेला नऊ इंची वीट घेतली तर दुपारची उष्णता रात्री नऊ-दहाला आत पोचते, बरोबर झोपायच्या वेळी. मग तिकडे एएसी बरा नाही का?

मिरजेचा_अभियंता
अगदी बरोबर पकडलंत. जड भिंत उष्णता साठवते आणि उशिरा सोडते. सावलीतल्या भिंतीला ते वरदान आहे, उन्हातल्या पश्चिम भिंतीला ताप. तेव्हा पश्चिमेची एकच भिंत एएसीची, बाकी तिन्ही बाजू रॅट ट्रॅप, असं करायला काहीच हरकत नाही. त्यापुढे कडुनिंब किंवा करंज लावा, भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून. झाड मोठं होईपर्यंत वेलाची जाळी.

एकसळकर
वास्तूप्रमाणे जड सामान नैऋत्येला सांगतात. म्हणजे जिना-कोठी पश्चिमेला आपोआपच जमतंय. घरच्यांना असंच सांगा, वाद होणार नाही.

अजिंक्यतारा_पायथा
हे आईला आजच सांगतो 🙏

तर आत्तापर्यंतचा नकाशा असा. आरसीसी फ्रेम, तीन बाजू रॅट ट्रॅप, पश्चिमेला एएसी आणि जिना-बाथरूम. जिन्याच्या डोक्यावर वर उघडणाऱ्या झडपा, म्हणजे वाईकरीण ताईंचा चौक जरा छोट्या रूपात. फिलर स्लॅब, वर सोलर. खड्ड्यात पाणी ओतून बघितलं, सकाळी अर्धं तसंच होतं, म्हणजे टाकीच. जिन्याखाली दहा हजार लिटरची बसतेय. जादा पाण्याचं काय करायचं तेवढं राहिलं, बोअर अजून घेतलेला नाही.

माणदेशी
बोअर घ्यायची घाई नको. शेजारी कुणाची जुनी विहीर हाय का बघा आधी. असली तर गाळून तिच्यात सोडा, त्यांनाही सांगा तुमच्या छताचं पाणी सोडायला. आमच्या वस्तीवर पाच घरांचं पाणी एका विहिरीत जातंय आणि उन्हाळ्यात पाच घरं तिच्यावरच काढतात.

अजिंक्यतारा_पायथा
आहे! मागच्या रानात पडकी विहीर आहे, मालक वडिलांच्या ओळखीचे निघतील. रविवारी जाऊन विचारतो.

बापू_मिस्त्री
विचाराच. आणि गच्चीचा उतार त्या बाजूलाच काढायला आत्ताच सांगून ठेवा, स्लॅब पडल्यावर उतार फिरवता येत नाही. पाईप चार इंची घ्या, तीन इंची पाल्याने तुंबतो.